पुंगळी, प्रायमर, पावडर: टंचाईतले प्रश्न

रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं) पुन्हा भरून वापरणाऱ्या नेमबाजांची बरीच पत्रं साचली आहेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे: सामान मिळत नाही, मिळालं तर भाव ऐकून घाम फुटतो. उत्तरं देताना आम्ही एक रेघ पक्की धरली आहे. काटकसर पुंगळीच्या आयुष्यात आणि झाडायच्या शॉटच्या संख्येत करावी. प्रायमर (बुडातली, ठोका बसताच पेटणारी टोपी) आणि पावडर (गोळीला ढकलणारी दारू) या दोन गोष्टींत ‘चालवून घेणं’ नाही. स्वतः काडतूस भरायला जिथे कायद्याने मुभा आहे आणि ज्याच्याकडे तसा परवाना आहे, त्याच्यासाठीच पुढचा मजकूर आहे.

प्रश्न: सगळ्याच वस्तू महागल्या. तयार काडतूस विकत घेण्यापेक्षा भरणं अजून परवडतं का?

कागदावर मांडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मांडणी सोपी आहे. गोळी (काडतुसाच्या टोकाचा, नळीतून उडणारा तुकडा) आणि प्रायमर यांची नगाची किंमत सरळ धरा. पावडरीसाठी डब्याच्या किमतीला त्यातल्या ग्रेननी भागा (एका पौंडात ७०००, एका किलोत सुमारे १५,४३२) आणि एका काडतुसात जाणाऱ्या चार्जने (पावडरीच्या वजनाने) गुणा. पुंगळीची किंमत मात्र ती जितक्या वेळा भरली जाणार तितक्यांनी भागायची. पाच वेळांऐवजी दहा वेळा टिकली तर तो आकडा निम्मा होतो. चारांपैकी तुमच्या हातात असलेला भाग एवढाच.

आता गंमत बघा. पिस्तुलाच्या ५ ग्रेन चार्जला एक पौंड पावडर १४०० काडतुसांना पुरते. रायफलीच्या ४२ ग्रेनला हिशेबाने १६६, सांडलवंड धरून १६०. म्हणजे पावडर दुप्पट महागली तरी पिस्तूलवाल्याला फारसं जाणवत नाही, त्याला प्रायमरचा भाव रडवतो. रायफलवाल्याचं उलट: प्रायमर महागला तर तो कुरकुरतो, पावडर आणि गोळी महागली तर मटकन खाली बसतो. आपला कोण मारेकरी आहे ते आधी ओळखा आणि घासाघीस तिथेच करा. धोकादायक मालाचं वाहतूक शुल्क जिथे ऑर्डरमागे एकदाच लागतं, तिथे चार मित्रांनी मिळून एक ऑर्डर दिली तर तोही भार वाटला जातो.

९ मिलिमीटरसारखं खपाऊ काडतूस भरण्यात टंचाईच्या काळात फायदा अगदी किरकोळ उरतो, कधी उलटाच पडतो. .३८ स्पेशल, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट आणि स्पर्धेची रायफल काडतुसं यांत तो अजून ठळक दिसतो.

प्रश्न: ही टंचाई पुन्हापुन्हा का येते? कारखाने वाढवत का नाहीत?

प्रायमर बनवणं हे स्फोटक हाताळण्याचं काम आहे. नवी उत्पादनाची ओळ उभी करायला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात, आणि मागणी ओसरली तर ती ओळ अंगावर पडते हे कारखानदार जाणतो. शिवाय प्रायमर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः तयार काडतुसंही विकतात. ओढाताण झाली की माल आधी स्वतःच्या ओळीला जातो आणि सुट्या पेटीसाठी उरलंसुरलं. अमेरिकेत २०१२च्या अखेरीपासून बंदूक-कायद्याच्या धास्तीने जी खरेदी झाली, तिच्यात .२२सारखं साधं काडतूसही दुकानांतून नाहीसं झालं होतं. २०२०मध्ये महासाथीच्या वेळी तेच झालं.

पावडरीची गोष्ट वेगळी. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि तेच तोफगोळ्यांच्या प्रणोदकातही लागतं. २०२२पासून युक्रेनच्या युद्धामुळे लष्करी मागणी वाढली, तेव्हा नागरी डबा रांगेत मागे गेला. त्यात २०२४मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले. शिशाला कठीण करायला आणि प्रायमरच्या मिश्रणात अँटिमनी लागतं. तांबं महागलं की पितळ आणि गोळीचं कवच दोन्ही महागतात. थोडक्यात, तुमचा दुकानदार साठेबाज असेलही, पण सगळा दोष त्याचा नाही.

प्रश्न: स्मॉल पिस्टल प्रायमर मिळत नाहीत, स्मॉल रायफल आहेत. चालतील?

मापाने बसतात. दोघांचा व्यास ०.१७५ इंच. पण स्मॉल रायफल प्रायमरची टोपी जाड असते, त्यामुळे हलक्या स्प्रिंगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि स्ट्रायकरवाल्या (घोड्याऐवजी आतल्या पिनने ठोकणाऱ्या) काही पिस्तुलांमध्ये तो ठोकूनही फुटत नाही. पेटला तरी त्याची ज्योत वेगळी, म्हणून दाब बदलतो. अशी अदलाबदल करायचीच असेल तर मॅन्युअलमधल्या (निर्मात्याच्या छापील चार्जांच्या पुस्तकातल्या) सुरुवातीच्या चार्जपासून पुन्हा चढत यायचं. जुना, ओळखीचा चार्ज तसाच ठेवायचा नाही. हे फक्त पिस्तुलाच्या मध्यम दाबाच्या काडतुसापुरतं.

उलट दिशा मात्र बंद. स्मॉल पिस्टल प्रायमर रायफलीत घातला तर पातळ टोपी दाबाने भोक पडून फाटते आणि तप्त वायू बोल्टकडे (काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागाकडे) मागे येतो. ज्या अर्धस्वयंचलित रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते, तिथे बोल्ट बंद होतानाच काडतूस फुटण्याचा धोका असतो.

लार्ज प्रायमरची अदलाबदल तर मनातही आणू नका. व्यास दोघांचा ०.२१० इंच, पण लार्ज रायफल सुमारे ०.००८ इंचांनी उंच. पिस्तुलाच्या पुंगळीत तो बाहेर डोकावतो, आणि डोकावणारा प्रायमर म्हणजे बोल्टच्या तोंडाच्या तडाख्याची वाट बघणारा प्रायमर. मॅग्नम प्रायमर साध्याच्या जागी वापरताना नियम तोच: चार्ज खाली आणा, हळूहळू वर चढा, आणि सपाट झालेला प्रायमर किंवा चिकटणारा बोल्ट दिसला की थांबा.

प्रश्न: माझी नेहमीची पावडर वर्षभर दिसलेली नाही. जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात तिच्या शेजारी असलेली वापरली तर?

तो तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. १०१ आणि १०२ क्रमांकांत नखभर फरक असेल किंवा हातभर, तक्त्यावरून कळत नाही. शिवाय एकाच पावडरीचा वेग पुंगळीचा आकार आणि गोळीचं वजन बदललं की बदलतो. दोन कंपन्यांचे तक्ते शेजारी ठेवून पाहा, क्रमही जुळत नाही.

नावाने तर हमखास फसगत होते. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, ४८३१ची जोडीही तशीच. आकडा सारखा म्हणून चार्ज सारखा नाही. याउलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१, तसंच एच ११० आणि विंचेस्टर २९६, या जोड्यांचे आकडे होजडन या पावडर कंपनीच्या चार्जच्या तक्त्यात एकच येतात. त्यामुळे दुकानात एक नसेल तर दुसरी निर्धास्त विचारा. अशी माहिती कामाची, पण ती निर्मात्याच्या छापील आकड्यांतून घ्यायची, क्लबातल्या गप्पांतून नाही.

तेव्हा उलट्या बाजूने शोधा. आपल्या काडतुसासाठी आणि गोळीच्या वजनासाठी मॅन्युअलमध्ये जितक्या पावडरी दिल्या आहेत, त्या सगळ्यांची यादी खिशात ठेवा. साधारण आठ-दहा निघतात. त्यातली जी मिळेल ती घ्या आणि तिच्या स्वतःच्या सुरुवातीच्या चार्जपासून काम सुरू करा. पिस्तुलासाठी निवड करायला वाव असेल तर जिचा चार्ज पुंगळी अर्ध्याहून जास्त भरतो ती घ्या. चुकून दोनदा पडला तर ती ओसंडते आणि चूक डोळ्यांना दिसते. जलद पावडरीचा चिमूटभर चार्ज स्वस्त पडतो खरा, पण त्यात दुप्पट चार्ज गुपचूप मावतो. अशी पावडर वापरताना लोडिंग ब्लॉकमधल्या पन्नासही पुंगळ्यांत विजेरीने डोकावून पाहिल्याशिवाय एकही गोळी बसवू नका.

टंचाईत टेबलावर चार वेगळे डबे जमतात, आणि अपघात तिथेच होतात. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मेजरच्या (चार्ज मापून टाकणाऱ्या यंत्राच्या) नळीतली पावडर त्याच डब्यात परत. नळीत उरलेल्या पावडरीचं नाव आठवत नसेल तर ती फेकायची. दोन डब्यांचे तळ एकत्र करायचे नाहीत, मग लेबल एकाच नावाचं का असेना. नवा लॉट आला तरी चार्ज थोडा खाली आणून तपासा.

प्रश्न: चार्ज कमी केला तर पावडर जास्त दिवस पुरेल ना?

मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांच्या मध्ये, हो. निशाणाच्या सरावाला खालचा चार्ज बऱ्याचदा जास्त नेमका निघतो, वर पुंगळीही टिकते. पण सर्वांत कमी आकड्याच्या खाली जाऊ नका. पिस्तुलात गोळी नळीत अडकते आणि पुढचा शॉट त्यावर आदळून नळी फुगते. मोठ्या रायफल पुंगळीत मंद पावडर निम्मी भरली तर ती धड पेटत नाही, आणि कधी दाब अनपेक्षितपणे उसळतो. एच ११० आणि २९६ यांच्याबाबत तर छापील आकड्यापेक्षा ३ टक्क्यांहून खाली जाऊ नये अशी निर्मात्याचीच सूचना आहे. शॉटचा आवाज नेहमीपेक्षा मऊ, ‘फुस्स’ असा आला तर थांबा, हत्यार मोकळं करा आणि नळीत सळई घालून बघा.

प्रश्न: बोल्ट रायफलीच्या पुंगळ्या चार-पाच वेळांतच बुडाजवळ तुटतात. नव्या घ्यायला परवडत नाही.

तुमचा रोग बहुधा पितळात नाही, डायच्या (झाडलेली पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याच्या) जुळणीत आहे. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून आणखी थोडी फिरवा ही सूचना सगळीकडे छापलेली असते, ती सगळ्यांच्या रायफलींत चालावी म्हणून. तिने पुंगळीचा खांदा (अंग मानेकडे निमुळतं होतं तो उतार) गरजेपेक्षा जास्त मागे जातो. पुढच्या शॉटला पुंगळी तेवढीच ताणली जाते, आणि ताण दर वेळी बुडाच्या वरच्या एकाच कड्यावर पडतो.

उपाय असा. त्याच रायफलीत झाडलेली, प्रायमर काढलेली पुंगळी घ्या. कॅलिपरला हेडस्पेस कंपॅरेटर लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या. आता डाय बरीच वर ठेवून पुंगळी साइझ करा, मोजा, थोडी खाली आणा, पुन्हा मोजा. बोल्ट रायफलीत खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. अर्धस्वयंचलितला ०.००३ ते ०.००५. बहुतेक डायचे आटे इंचाला १४ फेऱ्यांचे असतात. म्हणजे पूर्ण फेरी ०.०७१ इंच आणि ०.००१ इंचासाठी जेमतेम ५ अंश. एक अष्टमांश फेरी फिरवली की ०.००९ इंच गेले, त्यामुळे हात जरा आखडताच ठेवा. सुरुवातीला खांदा मागे जाण्याऐवजी किंचित पुढे येईल, कारण अंग दाबलं जाऊन पितळ वर सरकतं. घाबरू नका, डाय आणखी उतरवा. जुळलं की लॉकरिंग आवळून टाका.

जुन्या पुंगळ्या भरण्याआधी तपासा. पातळ ताठ तारेचं टोक काटकोनात वाकवा, आत घाला आणि बुडापासून भिंतीवर ओढत वर आणा. टोक एका ठिकाणी खाचेत अडकलं तर पुंगळी आतून झिजली. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसतं. एकीत सापडलं तर तितक्याच वेळा झाडलेल्या सगळ्या संशयित धरा आणि एकेक तपासा.

मान फाटत असेल तर तो वेगळा आजार. दर वेळी दाबून-फुलवून मानेचं पितळ कडक होतं. दर तीन ते पाच वेळांनी तिला तापवून मऊ करा. ड्रिलवर बसवलेल्या सॉकेटमध्ये पुंगळी फिरवत मान आणि खांदा गॅसच्या ज्योतीत धरायचा, काही सेकंद. किती, ते तापमान दाखवणाऱ्या लॅकरने ठरवा: मानेत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारं, आणि अंगावर खांद्याच्या खाली २४० अंशांच्या आसपासचं, जे वितळता कामा नये. अंधारात मान लालभडक दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. बूड कधीही तापवायचं नाही. मऊ बूड दाब पेलत नाही, आणि ते फुटलं तर चेहऱ्यासमोर फुटतं. तापवलेली पुंगळी पाण्यात टाकतात ती फक्त उष्णता खाली उतरू नये म्हणून. पोलादासारखं पितळ त्याने कडक होत नाही.

प्रायमरचा खळगा सैल झाला, म्हणजे प्रायमर अंगठ्याने ढकलून बसायला लागला, तर पुंगळी भंगारात. याला उपाय नाही, कारण मात्र आहे: चार्ज वरच्या टोकाला होता. सरळ भिंतीच्या पिस्तूल पुंगळीला तापवायची सहसा गरज नसते. तिचं तोंड गोळी बसेल इतपतच फुलवा आणि क्रिंप (गोळी धरायला तोंड आत दाबणं) कमी ठेवा.

प्रश्न: पुंगळ्या घरातल्या पितळ-पॉलिशने चकचकीत केल्या तर?

डब्यावर अमोनिया लिहिलं असेल तर नको. ताण असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. ब्रिटिश लष्कराच्या भारतातल्या काडतुसांना पावसाळ्यात अशाच भेगा पडत, साठा तबेल्यांजवळ असल्यामुळे. अमोनिया हे कारण १९२१मध्ये पक्कं झालं. अक्रोडाच्या टरफलाचा भुसा किंवा पाण्यात किंचित सायट्रिक आम्ल पुरेसं आहे. टंबलरचा (पुंगळ्या घोळवून घासणाऱ्या यंत्राचा) भुसा चाळताना उडणाऱ्या धुळीत प्रायमरचं शिसं असतं, तेव्हा हे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, आणि मग हात थंड पाण्याने, साबणाने. मुलं खेळतात त्या अंगणात नाही.

प्रश्न: वापरलेल्या प्रायमरच्या टोप्या काड्यांच्या गुलाने पुन्हा भरतात म्हणे?

नाही. असं मिश्रण हातात फुटतं, पेटलं तरी दर वेळी वेगळं पेटतं, आणि नळी गंजवतं. प्रायमर नसतील तर त्या महिन्यात सराव कोरडा, म्हणजे काडतुसाविना.

प्रश्न: गोळ्या घरी ओतायच्या विचारात आहे. भंगारातलं शिसं चालेल का?

चालेल, ओळख असेल तर. चाकाला लावायची वजनं आता बरीच जस्ताची येतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ला. भांडं ३५०-३६० अंशांच्या आसपास ठेवलंत तर जस्ताची आणि पोलादाची वजनं वर तरंगतात, चिमट्याने काढून टाका. तापमान वाढवून जस्त एकदा मिसळलं तर साच्यात गोळी धड भरत नाही आणि ते सगळं भांडं वाया. गाडीच्या बॅटरीतलं शिसं मात्र अजिबात नको. त्याच्या पत्र्यांतल्या धातूंच्या मळीला ओल लागली की आर्सीन आणि स्टिबीन हे विषारी वायू निघू शकतात.

घामाचा थेंबही वितळलेल्या शिशात पडू देऊ नका. पाण्याची वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. भर घालायचे तुकडे आधी भांड्याच्या कडेवर गरम करून कोरडे करा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चष्मा, चामडी हातमोजे, हवा खेळती. गोळीचं माप नळीच्या खाचांच्या व्यासापेक्षा ०.००१ इंच मोठं ठेवा, नाहीतर वायू बाजूने निसटून नळीत शिसं चिकटतं. नळीचा व्यास किती, ते मऊ शिशाचा तुकडा तिच्यातून ठोकत बाहेर काढून मोजा. आणि ओतीव गोळीला ओतीव गोळीचेच आकडे लागतात, कवचाच्या गोळीचे नाहीत.

प्रश्न: माल दिसला की किती घेऊन ठेवावा? जुन्या डब्याचं काय?

वर्षभर झाडता त्याच्या दीडपट. त्याहून जास्त साठवणं म्हणजे पैसा आणि जोखीम दोन्ही कोंडणं, शिवाय घरी किती ठेवता येतं यावर कायद्याची मर्यादा असते ती वेगळी. पावडर मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी. लोखंडी, हवाबंद तिजोरीत नको: आग लागली तर ती बॉम्बसारखी वागते. प्रायमर त्यांच्या खाचांच्या खोक्यातच ठेवा. काचेच्या बरणीत सुटे ओतले तर एक फुटला की सगळे एकदम फुटतात.

जुना डबा उघडून वास घ्या. चांगल्या पावडरीला ईथरसारखा किंवा स्पिरिटचा वास असतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास, तांबूस धूळ, झाकणाच्या आत गंज, यांतलं काहीही दिसलं तर द्रव्य विघटित होतंय. वापरू नका, घरातही ठेवू नका. अग्निशमन खात्याला विचारून विल्हेवाट लावा.

प्रश्न: शॉट निम्म्यावर आणायचे तर नेम घसरणार नाही?

कोरड्या सरावाने बराच टिकतो: हत्यार दोनदा रिकामं तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज १५ मिनिटं ट्रिगर. सेंटरफायरला (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या हत्याराला) स्नॅप कॅप, म्हणजे ठोका झेलणारं खोटं काडतूस, घाला. .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसणारं) तर कॅपशिवाय शक्यतो ओढूच नका, पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. १० मीटरवरची .१७७ एअर रायफल ट्रिगर आणि फॉलोथ्रू (शॉटनंतरही पवित्रा धरून ठेवणं) दोन्ही शिकवते, आणि तिला प्रायमर लागत नाही.

खरा अपव्यय सरावात नसतो, तो ‘चांगला चार्ज’ शोधण्यात असतो. ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी तीन-तीन शॉट मारून सर्वांत लहान गट निवडणारे बहुधा नशीब मोजत असतात. तीन शॉटचा गट पुढच्या वेळी सहज दुप्पट होतो. ०.५ ग्रेनच्या पायऱ्या घ्या. खालून वर एकेक शॉट मारून दाबाची चिन्हं बघा. मग दोनच चार्जना दहा-दहा शॉट द्या. चाळीसऐवजी पंचवीस काडतुसांत जास्त खरं कळतं.

प्रश्न: रेंजवर पडलेल्या पुंगळ्या गोळा कराव्यात का?

रेंजची परवानगी असेल तर जरूर, पण चाळून. आत विजेरी मारा. तळाला एक भोक दिसलं तर पुंगळी बॉक्सर जातीची, दोन बारकी भोकं दिसली तर बर्डन जातीची. नेहमीच्या डायची सुई बर्डनवर मोडते, बाजूला काढा. लष्करी पुंगळीच्या प्रायमरभोवती दाबून बसवलेली कड असते, ती स्वेजने दाबून किंवा रीमरने कापून टाकल्याशिवाय नवा प्रायमर चुरडतो. तिची भिंतही बऱ्याचदा जाड, आतली जागा कमी, म्हणून चार्ज खालून सुरू करा. .४५ एसीपी तर लहान आणि मोठ्या दोन्ही खळग्यांची मिळते. हाताने वेगळी न करता प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये (एका ओढीत सगळे टप्पे करणाऱ्या यंत्रात) टाकली तर लहान खळग्यात मोठा प्रायमर घुसवायचा प्रयत्न होतो. हँडल नेहमीपेक्षा जड लागलं की जोर लावू नका, मागे घ्या आणि ती पुंगळी काढा.